बर्फ निरंक

आमच्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावरून रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अख्ख्या संयुक्त अरब अमिरातीचं हवामान जाहीर व्हायचं. सरकारकडून नव्हे, सारंगकाकांकडून. टॉवर शारजाच्या अल नहदातला, व्हॉट्सॲप ग्रुप टॉवरमधल्या मराठी कुटुंबांचा, आणि काकांचा व्हॉइस मेसेज बरोबर एक मिनिट चाळीस सेकंदांचा.

"अस्सलाम आलेकुम, नमस्कार, गुड मॉर्निंग. पुढचे बहात्तर तास, नॅशनवाइड. फुजैरा: वारा मतलई, समुद्र शहाणा, दुपारनंतर डोंगरावर ढग, एखादी सर. रास अल खैमा: ढगाची शक्यता, पावसाची आशा. उम्म अल कुवेन, अजमान, शारजा: ढग येतील, बघतील, जातील. दुबई: पाऊस कमी, ट्रॅफिक जास्त. अबुधाबी: दूर आहे, तिथलं तिथले बघतील. बर्फ निरंक. खलास."

बर्फ निरंक. म्हणजे शून्य, नाही, काही पडलेलं नाही. हा शब्द त्यांनी रत्नागिरीहून आणला होता. आखातात येण्याआधी दोन वर्षं ते मामलेदार कचेरीत पावसाचं रजिस्टर लिहायचे, आणि ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवसापुढे लफ्फेदार अक्षरात 'निरंक' लिहायचं ही त्यांची ड्यूटी. पण वाळवंटात रोज बर्फाचं निरंक का सांगायचं? जुलैत, सत्तेचाळीस डिग्रीत, बाहेर चपलेचा तळवा डांबराला चिकटतोय आणि ग्रुपवर 'बर्फ निरंक'! माझी मुलगी सई एकदा लिफ्टमध्ये त्यांना म्हणाली, "काका, ऑब्व्हियसली! इट्स अ डेझर्ट." काका म्हणाले, "बेटा, ऑब्व्हियस असलं तरी नोंद लागते."

हे लिहायला मला फार उशीर झालेला आहे. मी कमी बोलणारा माणूस. एका ट्रेडिंग ऑफिसात एकवीस वर्षं काढली ती 'नोटेड' आणि 'विल रिव्हर्ट' या दोन वाक्यांवर. पण काकांची गोष्ट सांगायची तर मी काय केलं तेही सांगावं लागतं, म्हणून इतके दिवस टाळत होतो. आता सगळं सांगून टाकतो.

सारंगकाका रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, सारंग हे आडनाव. वय चौऱ्याहत्तर. बारीक, काटक, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी आणि नोव्हेंबर लागला की अंगात पिवळा रेनकोट. पाऊस असो नसो. रेनकोट घालून ते हायपरमार्केटात भाजी घ्यायला जात आणि कॅशियरने छताकडे बघितलं की खूश होत. तीस वर्षं फुजैराच्या बंदरात नोकरी. समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना तेल पोचवणाऱ्या लाँचवर ते होते. तिथे वाऱ्याचा अंदाज चुकला तर माणूस बुडतो, त्यामुळे त्यांना फोनमधल्या ॲपचा भयंकर तिटकारा. "ॲपला गुडघा असतो का?" असं विचारत. त्यांचा डावा गुडघा ओमानकडून येणाऱ्या ढगांना आणि उजवा इराणकडून येणाऱ्यांना वाहिलेला होता. दोन्ही एकदम दुखले की "नॅशनवाइड!"

रिटायर झाल्यावर मुलीकडे, रुखसानाकडे, आमच्या खालच्याच फ्लॅटमध्ये आले. ती नर्स आहे. झुबेदाकाकीही तेव्हाच रत्नागिरीहून आल्या. दोन वर्षांपूर्वी काकी गेल्या. त्या असताना माझी बायको माधवी एकदा खाली विरजण मागायला गेली आणि हसत वर आली. "अहो, गंमत बघा. काका बाल्कनीत फोनवर हवामान बोलतायत आणि काकी दहा पावलांवर स्वयंपाकघरात, तेच फोनवर ऐकतायत. कानाला लावून!" आम्ही दोघंही हसलो होतो. असो.

ग्रुपवर काकांचे एकमेव विरोधक म्हणजे शिंदे. शिंद्यांचा केटरिंगचा धंदा, माणूस दिलदार, पण काळजीखोर. त्यांनी एकदा लिहिलं, "काका, हा असा फोरकास्ट देणं म्हणजे अफवा. इथे अफवा गुन्हा आहे. तुम्ही सुटाल, ॲडमिन आत जाईल." ॲडमिन मी. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

काकांनी तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी सहा दहाला मेसेज आला:

"या अल्ला, पुढचे बहात्तर तास तुझ्या मर्जीचे. तुझी मर्जी असेल तर फुजैराला उद्या साडेतीन ते चार मध्यम सर दे, वारा ईशान्येचा ठेव, ताशी वीस. रास अल खैमाला गडगडाट दे, विजा मात्र समुद्रात पाड. शारजाला दे, पण नॅशनल पेंट्सच्या पुलाखाली तुंबवू नकोस, रुखसानाची ड्यूटी आहे. बर्फ, जशी तुझी मर्जी, निरंक. आमीन. खलास."

खाली लिहिलं होतं: "हा अंदाज नाही, दुआ आहे. पावसाची दुआ तर इथे सगळेच मागतात." शिंद्यांनी हात जोडलेलं चिन्ह टाकलं. टॉवर दिवसभर हसत होता. खरं सांगायचं तर तेव्हापासून मी अलार्म न लावता सहाला उठायला लागलो.

आता बरणीवर येतो.

काकांनी बाल्कनीच्या कठड्याबाहेर तारेने एक बरणी बांधली होती. रुखसानाच्या लोणच्याची, बाहेरून चिकटवलेली प्लॅस्टिकची पट्टी. हे त्यांचं पर्जन्यमापक. वर्षाकाठी त्यात पाच-सहा वेळा काही जमायचं. पण यंदा ऑक्टोबरपासून बरणीत दर दोन-तीन दिवसांनी पाणी यायला लागलं. काका थरारले! "काल रात्री तुम्ही सगळे झोपेत, आणि पडून गेला! पॉइंट चार मिलीमीटर!" कुणी म्हणालं, काका, रस्ता तर कोरडा आहे. काका म्हणाले, "स्थानिक सर. फक्त आपल्या टॉवरवर. याला नशीब म्हणतात." दोन दिवसांनी पॉइंट सहा. मग एकदा पॉइंट नऊ. त्या दिवशी त्यांनी लिफ्टमध्ये वॉचमन रफीकला मिठी मारली.

ते पाणी माझ्या एसीचं होतं.

माझ्या बाल्कनीतला एसीचा पाण्याचा पाइप सांध्यातून निसटून कठड्याबाहेर लोंबत होता. वारा एका बाजूने असला की थेंब खाली उभ्या गाडीच्या टपावर, दुसऱ्या बाजूने असला की नेमका काकांच्या बरणीत. काका इशाची नमाज पढून नऊला झोपत, मी ऑफिसातून येऊन एसी लावत असे साडेनऊला. मला हे दुसऱ्याच आठवड्यात दिसलं होतं. पण त्याआधीच रफीक दारोदार फिरून गेला होता. "साब, किसका एसी टपकता है? नीचे का गाडीवाला कंप्लेन किया." मी शांतपणे म्हणालो होतो, "हमारा नहीं." दंड लागतो म्हणून नव्हे. उगाच बोलणं नको म्हणून. एकदा 'हमारा नहीं' म्हटल्यावर 'हमारा है' कसं म्हणायचं, हे मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

दिवाळीचा कार्यक्रम पार्कात ठरला होता. आदल्या दोन्ही रात्री बरणी भरली आणि सकाळी काकांचा आवाज कापत होता. "नॅशनवाइड! दोन रात्री लागोपाठ! हे पुराव्यासकट सांगतोय!" मंडळी घाबरली. कार्यक्रम बेसमेंटच्या पार्किंगमध्ये हलला. शंभर माणसं, शिंद्यांच्या गरम चकल्या, गाड्यांचा धूर आणि घामाने निथळणारे सिल्कचे कुर्ते. बाहेर आकाश इतकं निरभ्र की पार्कात शारजातल्याच बदलापूरवाल्यांचा ग्रुप आरामात गाणी म्हणत होता.

शिंदे भडकले. "पुरावा कुठला? म्हातारा बरणीत स्वतः पाणी ओततो! पोतदार, ॲडमिन आहात ना? काढा त्यांना."

मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. मी लिहिलं, 'नोटेड.' आणि काकांना ग्रुपमधून काढलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये काका भेटले. "पोतदारा, अरे, ग्रुपवर लिहून आलंय की तू मला काढलंस. तुझा अंगठा लागला असेल चुकून. हे टच स्क्रीन फार वाईट."

"हो काका," मी म्हणालो, "चुकूनच. करतो परत."

एकोणीस दिवस मी केलं नाही. आधी शिंदे शांत होऊ देत म्हणून, मग इतके दिवस झाले म्हणून. पाइप मात्र त्याच संध्याकाळी गुपचूप बसवला. बरणी कोरडी पडली. आणि रोज सकाळी सहा दहाला मी माझ्या बाल्कनीत चहा घेऊन उभा राहिलो की खालून आवाज यायचा. काका बोलतच होते. "पुढचे बहात्तर तास, नॅशनवाइड..." फोनमध्ये नाही, नुसतं बाहेर, समोरच्या टॉवरकडे बघत. "बर्फ निरंक. खलास." मग बराच वेळ काही नाही. जणू काही ऐकायची वाट बघतायत. मला वाटायचं, सवय. म्हाताऱ्या माणसाची सवय.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खालून येणारा आवाज बदलला. गुरुवारी म्हणाले, "दोन्ही गुडघे." शुक्रवारी, "दोन्ही गुडघे आणि मान." तोवर सरकारी इशाराही आला: देशभर पाऊस, डोंगरात गारठा, वाद्यांजवळ, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्यांजवळ, जाऊ नका. सगळ्या ऑफिसात एकच विषय. इथे पावसाची बातमी म्हणजे लग्नाची बातमी. माणसं शनिवारसाठी कपडे ठरवतात.

आणि शनिवारी सहा दहाला मी कप हातात धरून ऐकलं: "रास अल खैमा: जबल जैसच्या माथ्यावर तापमान दोन. बर्फ..." मग थांबले. मी कठड्यावर वाकलो. "बर्फ, शक्यता आहे."

पाच मिनिटांत आमच्या दारावर धडाधड. पिवळा रेनकोट, हातात बरणी, कठड्यावरून काढलेली तार तशीच लोंबतेय. "पोतदारा, गाडी काढ! रुखसाना ड्यूटीवर, टॅक्सीवाला वर चढणार नाही. यल्ला!"

माधवीने थर्मासात चहा भरला. सई डोळे चोळत म्हणाली, "स्नो? लाइक, रिअल स्नो?" आणि पायजम्यातच गाडीत बसली.

तो प्रवास मी विसरणार नाही. अजमान सुटेपर्यंत शिंतोडे, उम्म अल कुवेनला सर, आणि पुढे आभाळ असं काळंभोर उतरलं की दिवसाढवळ्या सगळ्यांचे लाइट लागले. काका पुढच्या सीटवर काचेला नाक लावून. "बघ, बघ, तो उंटसुद्धा तोंड वर करून उभा आहे! सई बेटा, खिडकी उघड, वास घे. हा वास बाटलीत मिळत नाही." सईने उघडली, आत पाणी आलं, गाडीच्या सीट भिजल्या, आणि मी, जो सीटवर बिस्किटसुद्धा खाऊ देत नाही, तो हसत होतो. डोंगर दिसायला लागले तेव्हा त्यांच्या सुकलेल्या अंगावरून पांढरे ओघळ धावत होते. काका टाळ्या वाजवत होते. "नॅशनवाइड! नॅशनवाइड!"

पायथ्याशी रस्ता बंद. पोलिसाची गाडी आडवी, मागे शंभरेक गाड्या, लोक बाहेर उतरून नाचतायत, एक अरब कुटुंब डिकी उघडून अनोळखी माणसांना कडक चहा वाटतंय. काका उतरले आणि थेट त्या तरुण पोलिसाकडे गेले. फुजैराची अरबी. "हबीबी, वर सल्ज? सल्ज फी?"

पोलीस हसला. "सल्ज मा फी, हज्जी. बरद! बरद!"

"बर्फ नाही म्हणतो," काका माझ्याकडे वळून म्हणाले. "गारा म्हणतो."

एवढं म्हणतात तोच माझ्या बॉनेटवर पहिली गार आपटली. मग दुसरी, मग एकदम हजार! सगळीकडे आरडाओरडा. सई ओंजळ धरून धावतेय, पोलीससुद्धा टोपी उलटी धरून उभा, आणि काका दोन्ही हातांनी बरणी वर धरून रस्त्याच्या मधोमध. गाडीला जेवढे पोचे पडले ते आजही आहेत. मी दुरुस्त केलेले नाहीत.

मिनिटभरात थांबलं. आम्ही गाडीत येऊन बसलो. सई बाहेर गारा वेचत राहिली. काकांनी बरणी मांडीवर घेतली. आत पांढराशुभ्र थर.

मी म्हणालो, "काका, बर्फच समजा की. वर माथ्यावर पडलाही असेल."

"समजा?" काका म्हणाले. "रजिस्टरमध्ये 'समजा'चा रकाना नसतो, पोतदारा. बर्फ निरंक."

हा माणूस, ज्याला टॉवरने खोटारडा ठरवलं. मी त्यांच्याकडे वळलो.

"काका, ऑक्टोबरपासून बरणीत जमत होतं ते पाणी पाऊस नव्हता. माझ्या एसीचा पाइप निसटला होता. मला माहीत होतं."

काका बरणीकडे बघत राहिले. "पॉइंट चार?"

"एसी."

"पॉइंट सहा?"

"एसी."

"आणि तो पॉइंट नऊ?"

"त्या रात्री मी अठरावर ठेवला होता."

वायपर दोनदा फिरला. "मग मला काढलंस, ते अंगठा लागून नव्हे."

"नाही."

मला वाटलं आता उतरतील. ओरडतील. ते हळूच म्हणाले, "ग्रुपचं मला काय रे. शिंदे चकल्यांचे फोटो टाकतो, ते कोण बघतं. पण तिचा नंबर त्यात आहे."

"कुणाचा?"

"झुबेदाचा. तू तिला काढलं नव्हतंस. बरं केलंस."

मग काकांनी सांगितलं. तीस वर्षं ते फुजैराला आणि काकी गावी. फोन परवडत नसे, कॅसेट पाठवायची. गावाहून आलेल्या माणसाबरोबर यायची, जाणाऱ्याबरोबर जायची. पण टेपचं बटण दाबलं की काकांना काही सुचायचं नाही. लाल दिवा लागला की जीभ सुकायची. म्हणून ते हवामान सांगायचे. कचेरीत शिकलेलं तेवढंच अस्खलित येत होतं. "पहिल्या वर्षी तिने उलट कॅसेटमध्ये विचारलं, शेजारच्या हमीदाचा नवरा लंडनला असतो, तिथे बर्फ पडतं म्हणे. तुमच्याकडे पडतं का? मी सांगितलं, निरंक. पुढच्या वेळी विसरलो, तर बाई रुसली. म्हणाली, बर्फाचं राहिलं. तेव्हापासून नाही विसरलो."

"आणि इथे आल्यावर?"

"इथे आल्यावर समोरासमोर बसलो आणि दोघंही मुकाट. तीस वर्षं तोंड बघून बोलायची सवयच नव्हती. शेवटी रुखसानाने तिला फोन घेऊन दिला, ग्रुपात घातलं. मी बाल्कनीत बोलायचो, ती आत ऐकायची. मग चहा आणून द्यायची. आमचं झकास चाललं होतं."

मी फोन काढला. या वेळी अंगठा बरोबर जागी लागला. सारंगकाका, ॲड. त्याखालीच यादीत झुबेदाकाकींचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो होता. मी ॲडमिन होतो आणि दोन वर्षं तो माझ्यासमोर होता.

काकांनी घसा खाकरला, बटण दाबलं.

"अस्सलाम आलेकुम, नमस्कार, गुड मॉर्निंग. उशीर झाला. आधी दुरुस्ती. ऑक्टोबरपासून शारजात जो पाऊस सांगितला, तो पाऊस नव्हता. वरच्या मजल्यावरच्या पोतदारांचा एसी होता. नोंद रद्द समजावी. पोतदार माणूस चांगला आहे, उशिरा सांगतो. आता ताजं. रास अल खैमा, डोंगराचा पायथा: पाऊस जोरदार, गारा एक मिनिट, बरणीत दोन बोटं. मी हातात घेतल्या. थंड असतात गं. बर्फ मात्र निरंक. खलास."

पाठवलं. सगळ्या टॉवरला कळलं. रफीकलाही कळणार होतं. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

आणि तेवढ्यात गाडीत टिंग वाजलं. माझा फोन सायलेंटवर होता. काकांनी रेनकोटाची बटणं काढली, आतल्या खिशावर हात ठेवला. तिथे दुसरा एक फोन होता, जुना, चार्ज केलेला.

"पोचलं," ते म्हणाले.